छत्रीशेजारची बंदूक

२०१६ सालच्या ऑक्टोबरात शेजारचे आजोबा पोलिसांचा एक फॉर्म घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मी स्कॉटलंडमध्ये राहतो, ग्लासगोच्या अलीकडे मदरवेल नावाचं गाव आहे तिथे. आजोबांचा चश्मा दुरुस्तीला गेला होता आणि फॉर्मातली अक्षरं बारीक होती. त्यांना घेऊन मी स्वयंपाकघरात बसलो, चहा ठेवला आणि मोठ्याने वाचायला लागलो. फॉर्म एअरगनच्या परवान्याचा होता.

"तुमच्याकडे एअरगन आहे?" मी विचारलं. सात वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

"आहे की. दाराशी. छत्र्यांच्या स्टँडमध्ये."

मी हातातला कागद खाली ठेवला. आजोबांना वाटलं, मला इंग्रजी कायद्याची भाषा कळली नाही. ते म्हणाले, असू दे, आपण उद्या करू.

छत्र्यांच्या स्टँडमध्ये. आमच्या आजोळी, सिंधुदुर्गात, माजघराच्या दारामागे खुंटीला दोन काळ्या छत्र्या असायच्या, एक काठी, एक कोयती आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकवलेली छऱ्याची बंदूक. मामा तिला 'डायना' म्हणायचा. ती खरी डायना नव्हती, कुठल्यातरी देशी कारखान्यात बनवलेली नक्कल होती, पण आमच्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा तशी एअरगन म्हणजे डायना. माकडं कैऱ्यांचा फडशा पाडायला लागली की मामा ती घेऊन अंगणात जायचा, नळी वाकवून छरा भरायचा आणि फांद्यांकडे बघून एक बार काढायचा. माकडांना त्याचं फारसं काही वाटत नसे.

घरात आणखी एक बंदूक होती. ठासणीची, आजोबांच्या नावावरची, शेती संरक्षणाच्या परवान्याची. तळकोकणात असे परवाने घरोघर नसले तरी वाडीवाडीत असतात. ती बंदूक आतल्या खोलीत उंचावर टांगलेली असे आणि तिची दारू निराळ्या कुलुपात. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे आणि निकालानंतर परत आणावी लागे. दोन्ही वेळा आजोबा धुतलेलं धोतर नेसून जायचे. आम्हा मुलांना तिच्याखाली उभं राहायचीसुद्धा परवानगी नव्हती. डायनाला मात्र परवाना लागत नव्हता, तेव्हा ती कुणीही घ्यावी. मामा म्हणायचा, "ती खय बंदूक? ता खेळणा."

१९८८च्या मे महिन्यात त्या खेळण्याने माझ्या मामेभावाचा उजवा डोळा गेला. त्याला आम्ही सगळे बाळ म्हणतो, अजूनही. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता, मी बारा.

पोलिसांत जो जबाब गेला तो असा: मुलगा एकटाच खेळत होता, छरा अडकला म्हणून नळीत डोकावून बघत होता, तेवढ्यात घोडा दाबला गेला. जबाब मामाने दिला. बाळने मान हलवली. मी त्या वेळी मागच्या पडवीत होतो, असं ठरलं होतं.

*

आजोबांच्या फॉर्मकडे परत येतो, कारण पुढचं सगळं त्या फॉर्ममुळे झालं.

ब्रिटनमध्ये एअरगनचा मुख्य नियम १९६९चा आहे. रायफलीतून सुटणाऱ्या छऱ्याची ऊर्जा बारा फूट-पाउंडांच्या आत असेल, म्हणजे साधारण सव्वासोळा ज्यूल, तर ती 'खास धोकादायक' नाही. पिस्तुलासाठी हीच मर्यादा सहा फूट-पाउंड. रायफल तिच्या मर्यादेच्या वर गेली तर ती बंदूकच, पूर्ण परवान्याची. स्प्रिंग बदलून, दुसऱ्या वजनाचा छरा घालून एखादी रायफल बाराच्या किंचित वर गेली तरी तुम्ही विनापरवाना बंदूक बाळगल्याचे गुन्हेगार, मग तुम्हाला ते माहीत असो वा नसो. म्हणून तिथले हौशी लोक छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र घेऊन बसतात.

स्कॉटलंडला एवढं पुरेसं वाटलं नाही. २००५ साली ग्लासगोत दोन वर्षांचं एक मूल एअरगनच्या छऱ्याने गेलं. त्या मुलाच्या आईवडिलांनी अनेक वर्षं लावून धरलं आणि शेवटी २०१५चा कायदा झाला: एक ज्यूलच्या वरच्या प्रत्येक एअरगनला प्रमाणपत्र, आणि ते हवं तर कारण सांगा. ३१ डिसेंबर २०१६ पासून अंमल. इंग्लंडमध्ये मात्र जुनंच चालू. म्हणजे कार्लाइलच्या माणसाच्या कपाटातली रायफल घेऊन कुणी गाडीने पंधरा-वीस मिनिटांवरच्या ग्रेटनात आलं, की वाटेत एक पूल ओलांडला एवढ्यावरून ती बेकायदा. आणि बोटीने उत्तर आयर्लंडला गेलात तर तिथे एक ज्यूलच्या वर सरळ बंदुकीचाच परवाना, तोही कितीतरी आधीपासून. पासपोर्ट एक, कायदे तीन.

एक ज्यूल म्हणजे किती, हे आजोबांनी विचारलं. मी इंजिनीअर असल्यामुळे अशा प्रश्नांची उत्तरं मला द्यावीशी वाटतात. शंभर ग्रॅमचं फळ मीटरभर उंचीवरून पडलं की एक ज्यूल. त्यांच्यासाठी मी सफरचंद म्हटलं, मनात कैरी होती. त्या हिशेबाने ब्रिटिश बारा फूट-पाउंड म्हणजे दीड-पावणेदोन किलोचा फणस तेवढ्याच उंचीवरून. फणसाने कुणाचा डोळा जात नाही, कारण फणस पसरट पडतो. छऱ्याला साडेचार मिलिमीटरचं तोंड असतं. सगळी ऊर्जा तेवढ्या टिकलीवर उतरते.

आजोबा म्हणाले, त्यांच्या बहिणीने लहानपणी ह्याच गावात ह्या बंदुका जोडल्या होत्या. मला वाटलं, वयाने काहीतरी गल्लत होतेय. मग त्यांनी ती आणून टेबलावर ठेवली. नळीवर मागच्या बाजूला एक बाई कोरलेली होती. हातातलं धनुष्य टाकून देणारी आणि रायफल उंचावणारी. खाली अक्षरं: डायना.

ही गोष्ट खरी आहे आणि मला ती फार उशिरा कळली. जर्मनीत रास्टाट गावी डायना बनायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याची यंत्रं आणि ते नाव नुकसानभरपाईत ब्रिटनकडे आलं आणि मदरवेलच्या मिलब्रो कंपनीने घेतलं. ऐंशीच्या दशकापर्यंत मूळ जर्मन कारखान्याला ब्रिटनमध्ये स्वतःचंच नाव वापरता येत नव्हतं, आणि शिकारीच्या रोमन देवीच्या नावाने स्कॉटलंडमधल्या पोलादाच्या गावात एअरगनी बनत होत्या. मामाच्या डायनावरही अशीच एक बाई होती. नकलेची नक्कल असल्यामुळे तिचं धनुष्य विळ्यासारखं दिसायचं.

मी ती बंदूक हातात घेतली नाही. आजोबांच्या ते लक्षात आलं. "कधी चालवली आहेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

*

त्यानंतरचे कित्येक महिने मी रात्री जागून देशोदेशींचे एअरगनचे कायदे वाचत होतो. बायकोला वाटलं, मला नवीन छंद लागला. मी शोधत होतो ते अगदी साधं होतं: असा कुठला देश आहे, जिथे १९८८च्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता ती बंदूक माझ्या हातात आलीच नसती?

वाचता वाचता एक गंमत लक्षात येत गेली. वस्तू तीच, एक नळी, एक स्प्रिंग, अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छरा, पण प्रत्येक देश तिला निराळाच प्रश्न विचारतो.

जर्मनी विचारते, जोर किती? साडेसात ज्यूलच्या आत असेल तर नळीवर पंचकोनात 'एफ' अक्षराचा शिक्का, अठरा पूर्ण असतील तर दुकानातून घेऊन जा. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला हे साडेसात ज्यूल ताशी सहाशे किलोमीटरचा वेग देतात, म्हणजे जर्मन भाषेतला 'कमी' तसा कमी नाही. १९७०च्या आधी बनलेल्या बंदुकीवर शिक्का नसला तरी चालतो. फ्रान्समध्ये रेघ वीस ज्यूलवर आहे. स्वीडन दहा ज्यूल म्हणतं, पण मोजायचे नळीच्या तोंडाशी नाही, चार मीटर पुढे. हे मला आवडलं. चार मीटर पुढे कुणीतरी उभं असू शकतं, एवढा तरी विचार त्यात दिसतो.

कॅनडा विचारतो, वेग किती? सेकंदाला पाचशे फूट आणि ५.७ ज्यूल, ह्या दोन्ही मर्यादा ओलांडल्या तरच ती परवान्याची बंदूक. त्यामुळे तिथल्या दुकानांत खोक्यांवर '४९५ फूट' असं छापलेल्या रायफली मिळतात. आपल्याकडे चपलेची किंमत नव्व्याण्णव रुपये नव्व्याण्णव पैसे असते, त्याच जातीचा आकडा.

न्यूझीलंड विचारतं, हवा कशी भरता? स्प्रिंगची असेल तर प्रौढ माणसाला परवाना नको. आधीच दाबून भरलेल्या हवेची, टाकीवाली असेल तर २०१०पासून हवा. अमेरिकेचा केंद्रीय कायदा विचारतो, आत काही जळतं का? दारू जळत नसेल तर ती बंदूकच नव्हे, जोर कितीही असो. पण न्यू जर्सीत राहायला गेलात तर तीच वस्तू पुन्हा बंदूक होते आणि ओळखपत्रासाठी पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. नेदरलँड्स फक्त वय विचारतं. ऑस्ट्रेलिया विचारतो, कशाला हवी? १९९६च्या पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर त्यांनी सगळेच कायदे आवळले. एअर रायफल सर्वांत खालच्या वर्गात आहे, पण आहे बंदुकांच्याच यादीत, आणि 'मला आवडते' हे कारण चालत नाही. जपान विचारतो, तू कोण? वर्ग, परीक्षा, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांची चौकशी, आणि मग एका विशिष्ट बंदुकीसाठी परवानगी.

आणि आपण? आपण मुख्यतः भोकाचा व्यास विचारत आलो. साडेचार मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट १७७ची असेल तर परवाना नको, पॉइंट २२ची असेल तर हवा. २०१६च्या शस्त्रास्त्र नियमांनी त्याला वीस ज्यूलची रेघ जोडली. वीस ज्यूल म्हणजे तोच छरा ताशी जवळजवळ हजार किलोमीटरने. जर्मन रेघेच्या अडीच पटीहून जास्त. आपल्याकडे घरोघरीच्या एअरगनने माणसांपेक्षा पाखरांचंच जास्त नुकसान केलं आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली सरकारने लोकांना एअरगनी स्वखुशीने जमा करायचं आवाहन केलं तेव्हा दोन हजारांहून जास्त बंदुका आल्या. वन्यजीव कायदा १९७२चा आहे, पण बंदुकीला कागदच नसेल तर ती कुणाकडे आहे, हे कुणाला ठाऊक असणार?

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ह्या आकड्यांत मिळेना. छरा कातडी भेदतो तो साधारण अडीच-तीन ज्यूलपासून. डोळ्याला त्याहूनही कमी पुरतं, एक ज्यूलच्या आसपास. म्हणजे जर्मनीची रेघ, फ्रान्सची रेघ, कॅनडाची, आपली, ह्या सगळ्या डोळ्याच्या फार वर आहेत. त्या माणूस मरू नये म्हणून आखलेल्या आहेत, आणि तसं बघितलं तर बाळ मेला नव्हताच. फक्त उत्तर आयर्लंडची आणि नंतर स्कॉटलंडची रेघ डोळ्याच्या उंचीवर आहे.

जर्मनीच्या कायद्यात एक कलम वाचताना मी थबकलो. बारा वर्षांच्या मुलाला एअरगन चालवता येते. क्लबच्या रेंजवर, आईबापांच्या संमतीने, प्रशिक्षित माणूस शेजारी उभा असताना. बारा वर्षं. मी तेवढाच होतो. म्हणजे हा देश असा होता, की बंदूक माझ्या हातात आली असती, फक्त छत्र्यांशेजारून आली नसती.

*

आजोबांनी अर्ज केलाच नाही. 'कारण' ह्या रकान्याशी ते अडले. काय लिहू? बहिणीने बनवलेली आहे, हे कारण धरतील का? संग्राहक म्हणून लिहा, मी सुचवलं. एका वस्तूचा कसला संग्रह, ते म्हणाले. डिसेंबरात नाताळच्या आधी आम्ही दोघं ती जुन्या पडद्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात गेलो. आजोबांनी टाय लावला होता. समोरच्या पोरीने पावती दिली, आभार मानले आणि बंदूक आत नेली. अशा हजारो त्या वर्षी जमा झाल्या. बाहेर आल्यावर ते म्हणाले, हलकं वाटतंय, आणि मग थोडं चालून, नाही, तसं नाही वाटत. दोन वर्षांनी ते गेले.

मला आमच्या आजोबांचं धुतलेलं धोतर आठवत होतं. घरात एका बंदुकीला इतका मान आणि दुसरीला काहीच नाही, हे आम्हा मुलांना कुणी शिकवलं नव्हतं. कागद होता, म्हणून ती बंदूक. कागद नव्हता, म्हणून ते खेळणं. सरकारने जिथे रेघ मारली, तिथेच मामाने मारली, आणि तिथेच मी.

*

गेल्या वर्षी बाळचा फोन आला. त्याचं कुडाळला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. २०२४च्या ऑगस्टात राधानगरीकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्य जिंकलं, त्यानंतर कोल्हापुरापासून कोकणापर्यंत बऱ्याच मुलांनी रेंजची वाट धरली. बाळची मुलगी तेरा वर्षांची. तिचे सर म्हणताहेत, हात चांगला आहे, स्वतःची रायफल घ्या.

"तुका म्हायत आसतला म्हणान इचारतंय," बाळ म्हणाला. परवाना लागतो का? कुठली घ्यायची? जर्मन चांगल्या म्हणतात, त्या दोन-तीन लाखांच्या खाली येत नाहीत, खरं का?

मला सगळं माहीत होतं. इतक्या रात्रींचं वाचन पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येत होतं. मी सांगितलं: दहा मीटरची रायफल साडेचार मिलिमीटरची, जोर साडेसात ज्यूलच्या आसपास, आपल्या रेघेच्या खूप आत, परवाना नको. वाल्थर आणि अन्शुट्झ, दोन्ही उल्म गावच्या. दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे जोर नको असतो, एकसारखेपणा हवा असतो. मी बोलत राहिलो. बाळ हूं हूं करत होता.

मग त्याने विचारलं, मुलगी डावखुरी आहे, तिला दस्ता निराळा लागतो का? आणि ती न नेम धरणाऱ्या डोळ्यासमोर पट्टी लावते, ती विकत घ्यायची की घरी करायची? मी असतो तर मला पट्टीचा खर्च नसता, असं म्हणून तो हसला.

"बाळ," मी म्हणालो. आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य बोललो. की तू नळीत बघत नव्हतास. की मी पडवीत नव्हतो. छरा कशावर आपटून उडाला नव्हता. असं मी पुढे बायकोला सांगितलं होतं, पण तसंही नव्हतं. मला वाटलं होतं, बंदूक रिकामी आहे. मी गंमत म्हणून तुझ्यावर रोखली होती.

"माका म्हायत हा," तो म्हणाला. "मी थंयच होतंय. तुझो डावो डोळो मिटलेलो होतो."

इकडे पाऊस चालू होता. मी काय बोललो ते आता आठवत नाही, बहुतेक काहीच नाही.

त्याला राग होता तो माझ्यावर नव्हता, असं तो म्हणाला; मला ते पूर्ण खरं वाटलं नाही. त्याचा राग जबाबावर होता. गावात अजून पोरांना दटावताना म्हणतात, नळीत डोकावू नको, बाळसारखं होईल. लग्नात मुलीकडच्यांना हेच सांगितलं. बायकोला हेच माहीत आहे. "आंधळो म्हटल्यान तर चलात. येडो कित्याक म्हणतत?"

आणि आता मुलीला रेंजवर सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, नळी कुणाकडेही रोखायची नाही, रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. ती घरी येऊन बापाला म्हणाली, बाबा, तुम्ही असं कसं केलंत हो?

"तेव्हा चेडवाक काय ता तू सांग," बाळ म्हणाला. "माझा आयकाची नाय."

मग तो पुन्हा रायफलीवर आला. घरात ठेवायचं कसं, हे त्याने आधीच ठरवलं होतं. गोदरेजचं जुनं कपाट रिकामं करून त्याला नवीन कुलूप बसवलं होतं, छरे वेगळ्या कुलुपात. दुकानदाराने फक्त आधार कार्ड मागितलं आणि म्हणाला, एअरगनला कपाट बिपाट काय लागत नाही. बाळ म्हणाला, माका म्हायत हा.

मुलगी रविवारी सकाळी रेंजवर असते. दुपारी जेवून झालं की ती फोन घेईल, तुमच्याकडे तेव्हा सकाळच असेल, असं त्याने सांगितलं. आज शनिवार आहे. डावखुऱ्या दस्त्याच्या दोन रायफलींची माहिती मी छापून ठेवली आहे, ती आधी सांगावी की नंतर, ते अजून ठरत नाही.